खुंटीवरचा करडा शर्ट

माणूस जातो, पण त्याचे रंग मागे उरतात. हे वाक्य माझं नाही. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत दत्ताराम परबची शोकसभा झाली, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष माइक हातात घेऊन हे म्हणाले आणि दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. वाक्य चांगलं आहे, फक्त खोटं आहे. दत्ताच्या घरच्या प्रिंटरमधले रंग तो गेल्यावर तीन आठवड्यांत सुकले. आधी किरमिजी गेला, मग पिवळा. काळा तेवढा बरेच दिवस तग धरून होता. अध्यक्षांच्या मागे टेबलावर हार घातलेला जो फोटो होता, तोही स्टुडिओतून घाईघाईने करून आणलेला. त्यात दत्ता होता त्यापेक्षा चार छटा उजळ दिसत होता, गाल गुलाबी होते आणि गळ्यात टाय होता. दत्ताकडे टाय नव्हता. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ज्या गोष्टीशी हा माणूस भांडला, तीच गोष्ट त्याच्या शोकसभेत हार घालून बसली होती... आणि मी पहिल्या रांगेत असून काही बोललो नाही. न बोलण्याची मला जुनी सवय आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

मीनलचा, म्हणजे दत्ताच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बाजारात कोथिंबीर निवडत होतो. "मामा, तू ये. बाबा दुपारी जेवून झोपले ते..." एवढंच म्हणाली. कोथिंबिरीची जुडी हातातच घेऊन मी गेलो. दत्ता बनियनवर, पोटावर हात ठेवून नेहमीसारखा झोपला होता. पलीकडे टेबलावर मॉनिटर, त्यावर माझ्या बहिणीच्या जुन्या साडीतून शिवलेली खोळ. दाराशी खुंटीवर करडा शर्ट. मी आधी तो शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसलो. तिथे जमलेल्यांपैकी कोणाला तरी ते विचित्र वाटलं असणार. त्या खोलीत शर्ट घातल्याशिवाय जायचं नसतं, हे माझ्या हातापायांना पाठ होतं.

दत्ता माझा मित्र आधी, मेहुणा नंतर. सुलू माझी धाकटी बहीण. त्याचे वडील लालबागच्या गिरणीत रंगखात्यात होते. दत्ता सांगायचा, बापाचे हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी तांबडे असायचे, आणि ताट वाढताना आई विचारायची, "आज खयचो रंग?" म्हणूनच बहुधा तो रंगांच्या वाटेला गेला नाही. विमा कंपनीत छत्तीस वर्षं त्याने पांढऱ्यावर काळं केलं आणि निवृत्त झाला. मग मीनलने त्याला मोठा मॉनिटर घेऊन दिला, त्याने स्वतः घाटकोपरहून फोटोचा प्रिंटर आणला. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर हातभर अंतरावर होती आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. पहिलाच फोटो त्याने सुलूचा काढला, कोनफळी साडीतला. कागद बाहेर आला. सुलूने चष्मा लावून आधी पडद्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "तिथे वांगं आहे," ती म्हणाली, "आणि इथे भरीत." मी हसलो, सुलू हसली. दत्ता हसला नाही. तो त्या दिवशी तिथे अडकला तो कायमचा.

जाणकार सांगतात की पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद शाईने, तेव्हा दोघांचं तंतोतंत जुळणं शक्यच नाही. दत्तालाही हे माहीत होतं. पण हे तर लग्नालाही लागू आहे, तरी लोक करतातच, असं त्याचं म्हणणं. त्याने खोलीची एक भिंत करडी करून घेतली, कारण पिवळ्या भिंतीपुढे डोळा फसतो. रंगाऱ्याने काम संपल्यावर विचारलं होतं, "साहेब, प्रायमर झाला. आता वरून कलर कुठला?" सुलू म्हणाली, बाहेर चार महिने पाऊस असतो, आता घरात बारा महिने मळभ. खिडकीला काळा पडदा आला, दिवा बदलला. आणि मॉनिटरसमोर भडक कपडे घालून बसलं तर त्यांची झाक काचेवर पडते, हा शोध लागल्यावर दाराशी खुंटी ठोकली गेली आणि तिच्यावर दत्ताचा ऑफिसातला एक करडा शर्ट लटकला. येईल त्याने तो घालायचा आणि मगच आत यायचं. देवळाबाहेर चपला काढतात तसं.

"भाल्या, तो पोपटी टी-शर्ट घालून इथे येऊ नको. माझ्या बायकोचा चेहरा हिरवा होतो."

"तुझ्याकडे बघून होत असेल."

"शर्ट घाल आणि बस गपचूप."

मी बसायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोक गंभीर चेहऱ्याने निरर्थक गोष्टी करत असताना शांत बसण्याचं मला शिक्षणच होतं. छापलेला कागद तासभर वाळू द्यायचा, सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात काळा पडदा सारून उत्तरेच्या खिडकीत धरायचा, एकदा मॉनिटरकडे बघायचं, एकदा कागदाकडे, आणि मत द्यायचं. माझं मत नेहमी "सारखंच दिसतंय" असायचं. "तुला लायब्ररीतली सगळी पुस्तकंही सारखीच दिसायची," दत्ता म्हणायचा आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचा, "सुलू, जरा ये गं." ती कणकेचे हात तसेच घेऊन यायची, दारातूनच बघायची. तिला शर्टाची सक्ती नव्हती. "तांबडं जास्त झालं," म्हणायची आणि परत जायची. ते बरोबर असायचं. रंगांची नावंही तिचीच. नमुन्याच्या पट्ट्या छापल्या की ती मागे पेन्सिलीने लिहायची... डाळिंबी, मोरपंखी, श्रीखंडी, अबोली, आमसुली. मॉनिटरला चिकटवून रंग मोजणारं बेडकाएवढं एक यंत्रही दत्ताने आणलं होतं. पण यंत्राचं आणि सुलूचं वाजलं की तो सुलूच्या बाजूने असायचा. "यंत्राने कधी साडी नेसल्येय का?" हा त्याचा युक्तिवाद. यंत्र लवकरच ड्रॉवरमध्ये गेलं.

मग शेजारच्या विंगमधले सामंत गेले. आयुष्यभर बंदरावर उन्हात काम केलेला माणूस, रंग तव्यासारखा. तेराव्याला स्टुडिओतून मोठा फोटो आला, त्यात ते लोण्याचे झाले होते. ओठ लालचुटूक. सामंतबाई हार हातात घेऊन बघत राहिल्या. "ह्यो कोण?" त्या म्हणाल्या. "ह्यो आमचो नाय." दत्ता पुढे झाला आणि म्हणाला, "काकी, फोटोतला तो चौकड्यांचा शर्ट घरात आहे का?" शर्ट होता. दत्ताची रीत तिथे सुरू झाली: मेलेल्या माणसाचा फोटोतला कपडा आणायचा, तो खिडकीत कागदाशेजारी धरायचा आणि आधी कपड्याचा रंग जुळवायचा. कपडा जुळला की चेहरा आपोआप जाग्यावर येतो. चेहऱ्याबद्दल घरचेसुद्धा खोटं बोलतात, कपडा बोलत नाही. चार दिवस खटपट चालली. सुलू दारातून म्हणाली, "अजून तांबूस कर रे. जन्माचं काळं वेगळं, उन्हातलं वेगळं." पाचव्या दिवशी सामंतबाईंनी नवा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हां... आता इले." आणि हार घातला.

त्यानंतर कॉलनीत कोणी गेलं की आधी डॉक्टर, मग भटजी आणि मग दत्ता, असा क्रम ठरून गेला. पिशवीतून लुगडी, सदरे येऊ लागले, एकदा तर भर उन्हाळ्यात विणलेला स्वेटर आला. दत्ता कपडा परत करायचा तो इस्त्री करून. लोक त्याला कलाकार म्हणू लागले. ते त्याला आवडायचं नाही. "कलाकार स्टुडिओत असतात," तो म्हणायचा. "मी नुसता जुळवतो."

सहा वर्षांपूर्वी सुलू गेली. आजाराबद्दल लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. तिचा फोटो कुठला, हा प्रश्नच नव्हता. कोनफळी साडी कपाटात होती. तेराव्याला दत्ताने कोऱ्या पाटावर तिचा चष्मा ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं की फोटो अजून व्हायचाय. तो दोन महिने होत होता. रोज सकाळी दहाला मी शर्ट घालून खिडकीशी. साडी, कागद, पडदा. साडी, कागद, पडदा. तीसेक कागद झाले असतील. प्रत्येक वेळी तो सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवायचा आणि अर्ध्यात थांबायचा. ते बघणं मला जड जायचं. एका सकाळी त्याने कागद खिडकीत धरला, साडी शेजारी धरली, बराच वेळ बघितलं आणि एकच शब्द बोलला: "आली."

मी पाहिलं. ती निळसर होती. फार नाही, पण गालावर, कपाळावर, संध्याकाळी वीज गेल्यावर माणूस दिसतो तशी झाक होती. साडी कोनफळापेक्षा जांभळाकडे गेली होती. दत्ता माझ्याकडे बघत होता.

"झकास," मी म्हणालो.

माझी कबुली एवढीच. फोटो भिंतीवर गेला. त्यानंतर कॉलनीत जे जे गेले, ते दत्ताच्या हातून दर वर्षी थोडे थोडे अधिक निळे होत गेले. घराघरांतून सगळे दिवंगत हळूहळू घनश्याम होत चालले होते, आणि मला वाटतं लोकांना त्यात काही खटकत नव्हतं. देवाघरी गेलेल्या माणसाला हा रंग शोभतो. मी काय बोलणार? एकाला निळा म्हटलं असतं तर सुलूलाही म्हणावं लागलं असतं.

दीड वर्षापूर्वी दत्ताच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. भांडुपला नेलं, दुपारी परत आणलं. पट्टी निघाली त्या दिवशी त्याचा मला फोन आला. "ये," म्हणाला. आवाज बरा नव्हता. मी गेलो तर तो सुलूच्या फोटोसमोर उभा, हातात कोनफळी साडी, एकदा हा डोळा झाकतोय, एकदा तो. डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं: पिकत जाणारं भिंग पिवळं होतं, ते निळा रंग गाळून टाकतं, आणि हे इतकं सावकाश होतं की ज्याचं होतं त्याला पत्ता नसतो. डोळ्याला जो निळा कमी पडत होता, तो दत्ता इतकी वर्षं कागदावर भरून काढत होता.

"तुला दिसत होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू 'आली' म्हणालास ना..." मी म्हणालो.

त्याने साडीची घडी घातली. तीही चुकली, मग पुन्हा घातली. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याचा फोन आला, कॉलनीत चल म्हणून. त्याला सगळे फोटो परत मागवायचे होते. गाड्यांचे कारखाने सदोष गाड्या परत बोलावतात, हे मी ऐकून होतो. मेलेली माणसं परत बोलावणारा दत्ता पहिलाच. आम्ही दोघं म्हातारे जिने चढत घरोघर गेलो. दत्ता दारात उभा राहून सांगायचा, "माझी चूक झालीय, तुमचे वडील निळे झालेत, आठ दिवस द्या, नीट करून आणतो." कोणी फोटो दिले नाहीत. कदमकाकूंनी तर आम्हाला बसवलं, चहा दिला आणि मग सांगितलं, "भाऊ, चार वर्षं रोज ह्याच तोंडाला हार घालत्येय मी. रात्रंदिवस ह्याच्याशी बोलत्येय. आता तुम्ही नवीन माणूस आणून लावाल, त्याच्याशी मी काय बोलू?" मला उत्तर सुचलं होतं, पण चहा चांगला होता.

शेवटचं घर सामंतांचं. दत्ताने भिंतीवरच्या फोटोकडे आधी डाव्या डोळ्याने पाहिलं, मग उजव्या, मग दोन्ही. सामंत तव्यासारखे, तांबूस काळे, जसेच्या तसे. त्यात निळ्याचा लवलेशही नव्हता. "हा बरोबर आहे," दत्ता हळूच म्हणाला. "तेव्हा सुलू होती."

दुसरा डोळा महिन्याभरात करायचा होता. दत्ताने आधी सणाचं कारण सांगितलं, मग खोकल्याचं, मग मीनलच्या सासूच्या खोकल्याचं. मीनल चिडायची. "मामा, तू सांग ना त्यांना. एका डोळ्याला एक दिसतं नि दुसऱ्याला दुसरं. असं कसं जगतात?" मी सांगायला गेलो. तो शर्ट घालून सुलूच्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसला होता आणि उजव्या डोळ्यावर तळहात होता.

"ह्या डोळ्याला बरोबर दिसते," डाव्याबद्दल म्हणाला. "साडी नि फोटो एक होतात."

"मग नव्या डोळ्याने नवीन फोटो काढ. मी बसतो रोज. ह्या वेळी खरं सांगेन."

"तू सांगशील रे. पण मी कशाशी जुळवू?" त्याने तळहात काढला आणि उघड्या उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "ह्या डोळ्याने तिला कधी बघितलंच नाहीये, भाल्या."

मी आयुष्यभर पुस्तकांत बसलेला माणूस. दुःखावरची भारदस्त वाक्यं मी शेकड्याने वाचली आहेत आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसलो आहे. त्या वाक्याला हसता आलं नाही. मी मीनलला जाऊन सांगितलं की बाबांचा खोकला अजून आहे.

डावा डोळा तसाच राहिला. तो तसाच घेऊन दत्ता गेला.

शोकसभा झाल्यावर तो टायवाला दत्ता मला झोप लागू देईना. मीनलला म्हटलं, आपण घरीच करू. तिने नव्या शाया मागवल्या, प्रिंटरचं तोंड तीनदा साफ केलं. फोटो तिने काढलेलाच एक होता: दत्ता खिडकीत उभा, हातात ओला कागद, कपाळावर आठी, अंगात करडा शर्ट. म्हणजे रीतीप्रमाणे फोटोतला कपडा घरातच होता. तो मी अंगातही घातला होता, तेव्हा माझीच बाही कागदाशेजारी धरून काम सुरू झालं. अकरा सकाळी गेल्या. एकदा सुलूच्या पट्ट्यांतली 'आमसुली' शोधताना मीही स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायच्या बेतात होतो. कोणाला, ते ठरलं नव्हतं. त्याचा रंग मला आठवत होता... मानेवर जास्त गडद, चष्म्याच्या काड्यांखाली फिकट, कानाच्या पाळ्या तांबूस. बाराव्या सकाळी कागद खिडकीत धरला आणि तो तिथे होता. अगदी तोच. मला काही तरी टोमणा मारण्याच्या तयारीत.

"आला," मी म्हणालो.

मीनल जवळ आली.

"मामा," ती म्हणाली, "बाबा निळे दिसतायत."

मी पुन्हा पाहिलं. मला निळा कुठेच दिसत नव्हता. मी म्हटलं, पुन्हा करू. तर तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, भिंतीशी नेला आणि सुलूच्या फोटोशेजारी धरला. "नको," म्हणाली. "राहू दे. जुळतात."

ते दोघं आता शेजारी शेजारी आहेत. येणारे जाणारे म्हणतात, किती छान जोडी दिसते. स्टुडिओचा फोटो अध्यक्षांनी सोसायटीच्या ऑफिसात लावायला मागून घेतला.

गेल्या आठवड्यात मी डोळे तपासून आलो. दोन्हींत मोतीबिंदू आहे, तीन-चार वर्षं तरी झाली असावीत, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तारीख विचारली. मी खोकल्याचं सांगितलं. खुंटीवरचा करडा शर्ट मीनलने मला दिला. तो मी घरी आणला आणि बायकोने तिच्या नव्या लाल ओढणीबरोबर मशीनला लावला. ती म्हणते, तो आता अबोली झालाय. मला करडाच दिसतो.